लेझर मारला तिथे स्फटिक येत नाही, काचेवर मात्र येतो: अगारोज जेलमधल्या ग्लायसीनची नेहमीची अडचण

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांमधून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा प्रयोग करणारी मुलं दर वर्षी साधारण एकच तक्रार घेऊन येतात. ग्लायसीन या अमिनो आम्लाचं अतिसंपृक्त द्रावण (पाण्यात एरवी मावतं त्याहून जास्त विरघळवलेलं) अगारोजच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाच्या, जेलमध्ये बसवलं, त्यात लेझरची पल्स सोडली, आणि झोताच्या वाटेवर काहीच उगवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहावं तर काचेच्या कडेला, जेलच्या माथ्यावर, बुडबुड्यांभोवती स्फटिकच स्फटिक. मग सगळे लेझरच्या मागे लागतात. ऊर्जा वाढवून पाहतात, लेन्स बदलतात, आणि जेल जळतं.

माझं मत सरळ आहे. दोष बहुतेक वेळा लेझरपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो: वजन करताना, पाणी घालताना किंवा खोलीच्या तापमानात. म्हणून लेझरचा भाग इथे मुद्दाम उशिरा येतो.

थोडी पार्श्वभूमी. 1996 साली अमेरिकेत गॅरेट्झ, मायरसन आणि त्यांचे सहकारी युरियाच्या अतिसंपृक्त द्रावणावर 1064 नॅनोमीटरचा निओडिमियम-याग लेझर सोडत होते. ते शोधत होते वेगळीच गोष्ट, प्रकाशाची दुप्पट वारंवारता. पण पल्स गेलेल्या नळ्यांमध्ये स्फटिक येऊ लागले. युरिया या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेत नाही आणि त्यात कोणतीही प्रकाशरासायनिक क्रिया होत नाही, तरीही स्फटिकाचं बीज पडतं. पुढे याच गटाने ग्लायसीनवर काम केलं. 2009 मध्ये डफस, कॅम्प आणि अलेक्झांडर यांनी पोटॅशियम क्लोराइड अगारोज जेलमध्ये घेऊन दाखवलं की बीज कुठे पडावं हे झोताच्या जागेवरून ठरवता येतं. जेलचा खरा उपयोग हाच. साध्या द्रावणात स्फटिक जन्मला की तळाला जातो आणि त्याचा जन्म कुठे झाला हे कळत नाही. जेलमध्ये तो जिथे पडला तिथेच वाढतो. त्यामुळे तो नको त्या जागी आला, तर तेही लपत नाही.

आधी शेजारची नळी

लेझर दाखवायच्या प्रत्येक नळीमागे एक नळी लेझरविना ठेवा. त्याच फ्लास्कमधली, त्याच वेळी ओतलेली, त्याच स्टँडवर, तेवढाच वेळ. लेझरच्या टेबलापर्यंत न्यायची, होल्डरमध्ये बसवायची, शटर बंद ठेवून तेवढेच सेकंद थांबायचं आणि परत आणायची. हा शेवटचा भाग मुलं हमखास गाळतात. नळी उचलणं, होल्डरमध्ये दाबणं, क्लॅम्पला टक्कर बसणं यानेही बीज पडू शकतं. 2017 मध्ये अलेक्झांडर यांच्या गटाने ग्लायसीनवर लेझर, अल्ट्रासाउंड आणि नळीला दिलेला यांत्रिक धक्का अशा तिन्ही पद्धती शेजारीशेजारी तपासल्या. तिन्हींनी स्फटिक आले. तेव्हा "लेझरनंतर आला" म्हणजे "लेझरमुळे आला" असं धरू नका.

शेजारच्या नळीतही स्फटिक आले असतील तर या लेखातला लेझरचा भाग आज वाचायची गरज नाही. तुमची अडचण द्रावणात आहे.

वजन आणि पाणी

मला सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष हाच आहे, आणि तो वहीत दिसत नाही.

ग्लायसीनची विद्राव्यता पुस्तकांत अशी दिलेली असते: 100 मिली पाण्यात 0 अंशाला 14.2 ग्रॅम, 25 अंशाला 25 ग्रॅम, 50 अंशाला 39.1 ग्रॅम. म्हणजे पाणी 100 मिली, द्रावण नव्हे. विद्यार्थी मात्र सवयीने काय करतात? 39 ग्रॅम ग्लायसीन तोलतात, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये टाकतात आणि 100 च्या खुणेपर्यंत पाणी भरतात. इतर प्रात्यक्षिकांत हेच शिकवलेलं असतं. पण एवढं ग्लायसीन विरघळल्यावर स्वतःच वीस-बावीस मिलीहून अधिक जागा घेतं. खुणेपर्यंत भरलं तर आत पाणी जातं जेमतेम 77 मिली. हिशोब मांडा: 77 मिलीत 39 ग्रॅम, म्हणजे 100 मिलीला सुमारे 50 ग्रॅम. 30 अंशाला विद्राव्यता साधारण 27.8 ग्रॅम धरली (25 आणि 50 अंशांच्या आकड्यांमधून काढलेली), तर अतिसंपृक्तता (विरघळवलेलं ग्लायसीन भागिले विद्राव्यता) 1.4 ऐवजी 1.8 च्या वर गेली. असं द्रावण लेझरची वाट पाहत नाही. गार होतानाच सुटतं.

म्हणून फ्लास्कची खूण विसरा. पाणीही तोलूनच घ्या. 100 ग्रॅम पाणी, त्यात 39 ग्रॅम ग्लायसीन.

दुसरी गळती उकळताना होते. अगारोज पूर्ण विरघळायला 90 अंशांच्या वर न्यावं लागतं, आणि उघड्या बीकरमध्ये पाच-दहा मिनिटांत बरंच पाणी वाफ होऊन जातं. 100 मिलीतलं 8 मिली गेलं तरी 1.4 चं 1.5 होतं. यावर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतली जुनी रीत वापरा. रिकाम्या फ्लास्कचं वजन, पाणी आणि अगारोज घातल्यावरचं वजन, उकळून झाल्यावरचं वजन. जेवढं घटलं तेवढं गरम डिस्टिल्ड पाणी घालून भरून काढायचं, आणि मगच ग्लायसीन टाकायचं.

हो, ग्लायसीन नंतरच. आधी ग्लायसीन घातलेल्या दाट द्रावणात अगारोजचे कण नीट फुगत नाहीत, पाण्यासाठी दोघांची ओढाताण होते आणि तळाला पारदर्शक गुठळ्या राहतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. फ्लास्क उजेडासमोर धरून सावकाश फिरवला की द्रावणात तेलकट रेषा हलताना दिसतात. त्या दिसल्या तर अगारोज अजून विरघळलेलं नाही. अशा गुठळीच्या कडेला पुढे हमखास स्फटिक बसतो.

तापमान, म्हणजे खरं तर एसी

ग्लायसीनची विद्राव्यता 25 अंशांच्या वर दर अंशाला अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त वाढते. वाचताना हे किरकोळ वाटतं. आपल्याकडच्या खोल्यांना लावून बघा. 39 ग्रॅमची नळी एसी 22 वर असलेल्या खोलीत 1.65 च्या आसपास असते. तीच नळी एसी बंद झाल्यावर, मे महिन्यात 34 अंशांच्या खोलीत, 1.3 वर येते. नळी तीच, जेल तेच, पण प्रयोग वेगळाच. सकाळी सात वाजता काचेवर स्फटिक आणि दुपारी तीनला लेझर मारून काहीच नाही, असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते की एसी कोण बंद करतं.

आमच्याकडे उत्तर कॉलेजच्या शिपाई मामांकडून मिळालं. "मॅडम, साडेसहाला कुलूप लावताना सगळ्या खोल्यांचे एसी बंद करायची ऑर्डर आहे. सकाळी आल्याआल्या मीच लावतो, गार व्हावं म्हणून अठरावर." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण अठरावर लावलेल्या एसीचा तो सकाळचा झोका रात्रभर शांत राहिलेल्या नळ्यांना पुरेसा होता. आता स्विचबोर्डशेजारी कागद चिकटवलेला आहे आणि मामा स्वतः मुलांना त्याबद्दल दटावतात.

नळ्या एका तापमानाला ठेवायच्या पाण्याच्या बाथला नुसता हीटर असेल तर अजून एक गोष्ट पाहा. परदेशातल्या पेपरांत प्रयोग 25 अंशांवर केलेला असतो म्हणून मुलंही बाथ 25 वर लावतात. ठाण्यात वर्षातला बराच काळ खोलीच 25 च्या वर असते, आणि हीटर पाणी गार करू शकत नाही. बाथच्या पडद्यावर आकडा दिसत राहतो, पण तो बाथने धरलेला नसतो. पाणी गारही करणारा रेफ्रिजरेटेड सर्क्युलेटर असेल तर उत्तम. नसेल तर कामाचं तापमान 30 ठेवा आणि खोलीचा एसी 24-25 वर. मग हीटरला सतत थोडं काम राहतं आणि बाथ स्थिर राहतो. रात्री नुसता एसी बंद झाला, तर नळ्या झाल्या तर गरमच होतील. गरम होण्याने अतिसंपृक्तता घटते, नवे स्फटिक पडत नाहीत. गार होण्याचा धोका टळतो, आणि खरा धोका तोच आहे. वरचा 1.4 चा हिशोब मी 30 अंशांसाठी दिला त्यामागे हेच कारण आहे.

तापमान बाथमध्ये मोजू नका. बाजूला एक बळीची नळी ठेवा, तेवढ्याच जेलने भरलेली, त्यात थर्मामीटर खुपसलेला. बाथ 30 दाखवतो आणि जेलच्या पोटात अजून 33 असतं, असं पहिला तासभर सहज चालतं.

ग्लायसीनचा हा हट्टीपणा नको असेल तर एल-अ‍ॅलनीन घेऊन पाहा. त्याची विद्राव्यता 25 अंशाला सुमारे 16.6 आणि 50 अंशाला 21.8 ग्रॅम, म्हणजे अंशामागे टक्का-सव्वा टक्क्याचा फरक. ग्लायसीनला तोच फरक दोन टक्क्यांच्या वर पडतो. तापमान सांभाळायची सोय नसलेल्या खोलीत अ‍ॅलनीन जास्त समजूतदार आहे. पण गार करून त्याला अतिसंपृक्त करणंही तितकंच अवघड जातं, हे लक्षात ठेवून निवडा.

ओतताना आणि बसताना

नेहमीचं अगारोज 36 अंशांच्या आसपास बसतं आणि पुन्हा वितळायला 85 च्या वर लागतं. आता 39 ग्रॅमचं द्रावण 50 अंशालाच संपृक्त झालेलं असतं. म्हणजे जेल बसायच्या क्षणी ते आधीच 1.25 अतिसंपृक्त आहे, आणि अजून पातळ आहे. संपूर्ण प्रयोगातली ही सर्वात नाजूक पंधरा-वीस मिनिटं. याच वेळी कोणीतरी गार काचेच्या नळीत ते ओततं, काचेला लागलेला थर क्षणात थंड होतो आणि कडेला पांढरी झालर उठते. दुसऱ्या दिवशी काचेवर सापडलेले स्फटिक बहुतेक इथलेच.

नळ्या ओव्हनमध्ये 60 अंशांना गरम करून घ्या. द्रावणही 60-65 ला असतानाच ओता, थांबून ते गार होऊ देऊ नका. ओतताना नळी तिरकी धरा म्हणजे द्रावण काचेवरून घरंगळत जाईल आणि हवा आत शिरणार नाही. मग गरम नळ्या थर्माकोलच्या पेटीत उभ्या करून झाकण लावा आणि सावकाश 30 पर्यंत येऊ द्या. घाईने बाथमध्ये बुडवू नका.

अगारोजचं प्रमाण अर्धा टक्का पुरतं. वाटीतला खरवस बोटाने हलवल्यावर जसा थरथरतो तेवढं घट्ट झालं की बास. दोन टक्क्यांचं जेल धुरकट दिसतं, प्रकाश विखुरतं, आणि स्फटिक वाढताना त्याला वाट देत नाही. अर्ध्या टक्क्याच्या खालचं जेल धक्क्याने काचेपासून सुटतं. सुटलेल्या फटीत पाणी जमतं आणि त्या पाण्यात स्फटिक मोकळे वाढतात. बाहेरून ते जेलमध्ये असल्यासारखेच दिसतात. नळी हलकेच तिरकी करा. स्फटिक सरकला तर तो फटीतला आहे, मोजणीत धरू नका.

माथ्यावरच्या स्फटिकांचं कारण साधं आहे, वरून पाणी उडतं. जेल बसल्यावर लगेच पॅराफिल्मने तोंड बंद करा. माथ्यावर नेहमी स्फटिक येत असतील तर त्याच तापमानाला आणलेलं हलकं पॅराफिन तेल अर्धा सेंटिमीटर घालून पाहा.

किराणा दुकानातला चायना ग्रास, म्हणजे अगार, चालेल का, असं विचारतात. जांभळी नाक्यावर तो स्वस्तात मिळतो आणि हात बसवायला, बुडबुडे न येता ओतायचा सराव करायला चांगला आहे. आकडे काढायच्या प्रयोगाला नको. अगारमध्ये अगारोजखेरीज भारित साखळ्या, क्षार आणि इतर गाळ असतो, आणि बीज पडण्याच्या प्रयोगात असा प्रत्येक कण बीज होऊ शकतो.

सोडियम मेटासिलिकेटच्या जेलबद्दल थोडं कठोर बोलावं लागेल, कारण आपल्याकडच्या भौतिकशास्त्र विभागांत स्फटिक म्हटलं की पहिल्यांदा तेच पुढे येतं. कॅल्शियम टार्ट्रेटसाठी ते उत्तम. ग्लायसीनवर लेझरचा परिणाम पाहायचा असेल तर त्यापासून दूर राहा. ते बसवायला अ‍ॅसिटिक आम्ल घालता, त्यातून सोडियम अ‍ॅसिटेट तयार होतं आणि जेलमध्येच राहतं. सोडियमच्या क्षारांच्या सान्निध्यात ग्लायसीन गॅमा या वेगळ्या स्फटिकरूपात यायला लागतं, लेझर असो वा नसो. मग तुमच्या हाती आलेला गॅमा लेझरने दिला की क्षाराने, हे सांगता येणार नाही. शिवाय ते जेल ठिसूळ असतं, पल्सने त्यात चिरा पडतात.

नळ्या घेऊन प्रवास

इथल्या बऱ्याच मुलांची स्वतःची लेझरची सोय नसते. जेल ठाण्यात बनवायचं आणि लेझर ऐरोली किंवा त्याच्याही पलीकडे, असा प्रकार असतो. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत थर्मास छातीशी धरून मुलं जातात, उतरून रिक्षा करतात, आणि पोचेपर्यंत निम्म्या नळ्या पांढऱ्या झालेल्या असतात. लोकलच्या डब्यातला उकाडा, मग एकदम गार प्रयोगशाळा, मध्ये रस्त्यांचे धक्के. जेलमुळे द्रावणाचं हिंदकळणं थांबतं, तापमानाचे झोके थांबत नाहीत.

बनवलेलं जेल नेऊ नका. तोललेलं ग्लायसीन एका डबीत, अगारोज दुसऱ्या डबीत, डिस्टिल्ड पाणी बाटलीत, आणि वजनकाटा तिथला. हॉट प्लेट आणि बाथ मिळेल का हे आधी फोन करून विचारा. एक दिवस जास्त जाईल, पण मिळालेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल. जेलच न्यायची वेळ आली तर थर्मासमध्ये 33-34 अंशांचं पाणी भरून त्यात नळ्या ठेवा. कामाच्या तापमानापेक्षा थोड्या गरम राहिल्या तर वाटेत सुटण्याची शक्यता कमी.

आता लेझर

शेजारच्या नळ्या स्वच्छ राहतात, आणि लेझर मारलेल्याही स्वच्छच राहतात. इथून पुढे लेझरकडे बघायला हरकत नाही.

आधी सुरक्षितता, कारण 1064 नॅनोमीटरचा झोत डोळ्यांना दिसत नाही आणि गोल नळीवरून तो कुठेही परावर्तित होतो. त्या तरंगलांबीसाठी नोंद असलेला चष्मा घातल्याशिवाय कोणीही खोलीत नको, बघायला आलेली मैत्रीणसुद्धा.

मग तीव्रतेचा हिशोब करा. मुलं फक्त ऊर्जा सांगतात: "वीस मिलिज्यूल दिले." वीस मिलिज्यूल सात नॅनोसेकंदांत म्हणजे साधारण 2.9 मेगावॅट. झोताचा व्यास 8 मिमी असेल तर हे चौरस सेंटिमीटरला सहा मेगावॅटच्याही खाली पडतं. तोच झोत 2 मिमीवर आणला तर नव्वदच्या वर. ग्लायसीनवरच्या कामांत याहूनही पुष्कळ जास्त, चौरस सेंटिमीटरला काही शे मेगावॅटपर्यंत तीव्रता वापरलेली आहे. झोत किती मोठा आहे हे कळायला महागडा कॅमेरा लागत नाही. एटीएमच्या पावतीचा कागद पारदर्शक पिशवीत घालून झोतासमोर धरा आणि एक पल्स सोडा. उमटलेला डाग मोजा आणि त्याचा आकारही पाहा. डाग गोल नसून चंद्रकोरीसारखा आला तर आरशाची जुळणी बिघडलेली आहे, आणि मग वरचा सगळा भागाकार खोटा.

नळी गोल असेल तर ती स्वतःच एक लेन्स असते. झोत आत शिरल्यावर मागच्या भिंतीकडे दाटतो. तिथल्या काचेवर बारीक पांढरा ओरखडा दिसला तर काच फुटते आहे, तिचे कण जेलमध्ये जात आहेत आणि मागच्या भिंतीवरचा स्फटिक त्या कणांचा आहे. शक्य तिथे चौकोनी क्युव्हेट वापरा. आणि नळीवर मार्करने लिहिलेला नंबर झोताच्या वाटेत येऊ देऊ नका. शाई पल्सने उडते, काचेला धक्का बसतो आणि नंबराच्या बरोबर मागे स्फटिक येतो. नंबर झाकणावर लिहा.

लेन्सने फार बारीक जागी आणलं तर टक् असा आवाज येतो आणि ठिणगी दिसते. तो पाण्याचा प्लाझ्मा. जेल त्या जागी फाटतं, बुडबुडा राहतो आणि त्याच्याभोवती स्फटिक धरतात. हे बीज लेझरनेच पाडलेलं असतं, पण मार्ग वेगळा, बुडबुड्याचा आणि धक्क्याच्या लहरीचा. हा मार्ग निषिद्ध नाही. फेम्टोसेकंद लेझरने प्रथिनांचे स्फटिक अगारोजमध्ये मिळवताना जपानी संशोधकांनी असाच मार्ग घेतला. फक्त ठिणगीच्या नळ्या आणि बिनठिणगीच्या नळ्या एका रकान्यात लिहू नका.

एका जागी एकच पल्स. दहा हर्ट्झवर चालणारा लेझर तसाच सोडून दिला तर पहिल्या पल्सने झालेल्या जखमेवर पुढच्या पल्स आदळत राहतात. सिंगल शॉटवर ठेवा, नळी दोन-तीन मिलिमीटर सरकवा, पुढची पल्स. आणि मारल्यानंतर अर्धा-एक तास नळी हलवू नका. जेलमध्ये द्रव्य फक्त विसरणाने (डिफ्यूजनने) पोचतं, वाढ हळू असते. दहा मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून पुन्हा मारणं हीच सर्वात मोठी घाई.

सतत चालणारा लेझर असलेल्यांसाठी एवढंच: 1064 ला साधं पाणी प्रकाश शोषतं. बारीक फोकस केल्यावर वॉटमागे वीसहून अधिक अंश तापमान वाढतं, आणि तापलेल्या जागी ग्लायसीनची विद्राव्यता वाढते. म्हणजे स्फटिक हवा तिथेच तुम्ही तो न येण्याची सोय करता. सुगियामा, अदाची आणि मासुहारा यांनी 2007 मध्ये अशा लेझरने ग्लायसीनचा स्फटिक मिळवला तो जड पाण्यात, आणि द्रावण व हवा यांच्या सीमेवर. जेलच्या पोटात साध्या पाण्यात ते होत नाही म्हणून निराश होऊ नका. आणि हातातला हिरवा पॉइंटर या कामासाठी नाहीच.

गाळावं की नाही

सगळं जागेवर आहे आणि तरी लेझरने काही होत नाही, तर विचारा की ग्लायसीनचं द्रावण गाळलं होतं का. 2016 मध्ये जाविद, केंडल, बर्न्स आणि सेफ्चिक यांनी दाखवलं की ग्लायसीनचं द्रावण गाळल्यावर लेझरने बीज पडण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे लेझर ज्यांच्या आधाराने बीज पाडतो ते बारीक कण किंवा गोळे गाळणीत अडकून जातात. बीज नेमकं कसं पडतं यावर वाद अजून चालू आहे, पण आपल्या कामापुरतं एवढं पुरे: गाळल्याने आपोआप येणारे स्फटिक कमी होतात, आणि लेझरचेही. एका मालिकेत काही नळ्या गाळलेल्या आणि काही न गाळलेल्या असतील तर ती मालिका वाचता येत नाही. मी न गाळलेल्या द्रावणाने सुरुवात करायला सांगते, एकाच बाटलीतल्या ग्लायसीनने, आणि ती बाटली प्रकल्प संपेपर्यंत दुसऱ्या कोणाला देऊ नये. गाळलंच तर अतिसंपृक्तता 0.05 च्या पायरीने वर न्या, आणि प्रत्येक पायरीला शेजारच्या नळ्या पुन्हा तपासा.

पावसाळ्यातले पांढरे धागे

जुलै-ऑगस्टमध्ये "सुयांसारखे स्फटिक आले" असा उत्साहाने फोन येतो. जेलच्या माथ्यापासून खाली उतरणारे मऊ पांढरे धागे. बहुतेक वेळा ती बुरशी असते. अमिनो आम्ल म्हणजे तिला नायट्रोजनचा आयता साठा, आणि हवेत ओल भरपूर. दोन पोलरॉइड घ्या, जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातलेही चालतात, एकमेकांना आडवे धरून मध्ये नळी ठेवा. ग्लायसीनचा स्फटिक अंधारात लख्ख उजळतो, नळी फिरवली की विझतो आणि पुन्हा उजळतो. बुरशी काळीच राहते. ताणलेलं जेलही अंधुक उजळतं, पण त्याला कडा नसतात. बुरशी टाळायला औषध घालू नका, ते औषध स्वतः अशुद्धी आहे. पाणी उकळतं घ्या, नळ्या ओव्हनमधून काढल्याबरोबर ओता आणि लगेच तोंड बंद करा.

स्फटिक बाहेर काढून रूप ओळखताना

ग्लायसीनची अल्फा, बीटा, गॅमा अशी तीन रूपं साध्या दाबाला मिळतात. साध्या पाण्यातून सहसा अल्फा येतं; खोलीच्या तापमानाला सर्वात टिकाऊ गॅमा; बीटा सर्वात अस्थिर. 2002 मध्ये गॅरेट्झ यांच्या गटाने लिहिलं होतं की सरळ ध्रुवित प्रकाशाने गॅमा आणि वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने अल्फा मिळतं. मुलं हे वाचून भारावतात आणि सरळ ध्रुवित प्रकाश वर्तुळाकार करणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट मागायला येतात. मी वर सांगितलेल्या 2017 च्या कामात ध्रुवीकरणाचा असा परिणाम दिसला नाही. अतिसंपृक्तता वाढली की गॅमाचं प्रमाण वाढतं, हे मात्र दिसलं. तेव्हा प्लेटच्या आधी वजन आणि तापमान सांभाळा. ते दोन्ही हलत असताना रूप बदललं तर त्याचं श्रेय ध्रुवीकरणाला देता येत नाही.

रूप ओळखण्याआधी स्फटिक धुण्यात घोटाळा होतो. जेल चिकटलेला स्फटिक इथेनॉलमध्ये बुडवला की त्यावरच्या ओल्या द्रावणातलं ग्लायसीन तिथल्या तिथे पांढऱ्या पिठासारखं बाहेर पडतं. ते पीठ बीटाही असू शकतं, आणि बीटा दमट हवेत लवकरच बदलतं. मग एक्स-रे आलेखात नको ती शिखरं दिसतात आणि नवं रूप सापडल्याची चर्चा सुरू होते. आपल्याकडे नवीन म्हणून छापले गेलेले कित्येक अमिनो आम्लांचे स्फटिक पुढे गॅमा ग्लायसीनच निघाले, हे विसरू नका. जेल मऊ ब्रशने ग्लायसीनच्या संपृक्त द्रावणात हळुवार काढा, आणि बाहेर घेतल्याबरोबर फिल्टर पेपरने सगळ्या बाजूंनी टिपा. इथेनॉल नकोच.

तांब्याच्या के-अल्फा किरणांनी काढलेल्या आलेखात 25.3 अंशांजवळचं शिखर गॅमाचं आणि 29.9 जवळचं अल्फाचं, पहिल्या नजरेला एवढं पुरतं. एक्स-रेची पाळी महिनाभर लांब असेल तर पूड करून तिच्यावर त्याच याग लेझरची कमी ऊर्जेची पल्स टाका. गॅमाच्या रचनेला सममिती केंद्र नसल्याने पूड हिरवी चमकते; अल्फाची चमकत नाही. चष्मा 532 नॅनोमीटरही अडवणारा असेल तर ही चमक दिसणार नाही, तेव्हा ती फोटोडायोडवर किंवा बंद पेटीतल्या मोबाइल कॅमेऱ्याने पाहा. चष्मा काढून नाही.